उशिरा वाजलेली घंटा

भट्टी फुटली तेव्हा सुरैया काचेच्या अलीकडे बसली होती. पिरंगुटच्या त्या ओतकामाच्या कारखान्यात भट्टीच्या शेडला लागूनच कॉम्प्युटरची खोली होती आणि मधे एक मोठी काच. काचेतून तिला कोंडाजीची पाठ दिसत होती. तो लांब दांड्याच्या पळीनं वितळलेल्या लोखंडावरची मळी काढत होता. मग काच पांढरी झाली, आणि मग काच उरलीच नाही.

लोखंड वर उडालं, छपराचा पत्रा फोडून बाहेर गेलं आणि तसंच खाली पडलं. सुरैया भिंतीवर आपटली. गालात काचेचा तुकडा घुसला होता, तो तिनं स्वतःच उपटून काढला. कानात नुसती शीळ. उठून पाहिलं तर कोंडाजी चालत होता. अंगावर कपडे नव्हते आणि बऱ्याच जागी कातडीही नव्हती. तो पाण्याच्या हौदाकडे निघाला होता. हौद जवळच होता, पण तो तिथवर पोचला नाही.

कानातली शीळ विरली तेव्हा सगळ्यांना घंटा ऐकू आली. धोक्याची घंटा, भट्टीवरच्या खांबाला बसवलेली, जोरजोरात वाजत होती. ती स्फोटाच्या आधीपासून वाजत होती की नंतर लागली, हे सांगायला कुणाचेच कान शाबूत नव्हते. पण जो तो उठला त्यानं ती वाजतानाच ऐकली, आणि सगळ्यांचे डोळे येसाजीकडे वळले.

येसाजी भट्टीचा खटका सांभाळायचा. घंटा झाली की खटका ओढून वीज तोडायची आणि माणसांना हाकलायचं, हे त्याचं काम. तो खटक्याजवळच पडला होता. खटका वर होता. ओढलेला नव्हता.

कोंडाजीचे दोघे भाऊ वाळूच्या खात्यातून धावत आले. भावाला पाहिलं, आणि थोरल्यानं साचा ठोकायची लोखंडी कांब उचलली.

"घंटा बोंबलतीया आन तू झोपला व्हतास व्हय रं?"

"घंटा न्हाई वाजली," येसाजी म्हणाला. "आईच्यान सांगतो, न्हाई वाजली. लोखंड उडाल्यावर वाजली."

कांब त्याच्या जबड्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सुरैयाला बहिऱ्या कानांनीही ऐकू आला. धाकट्यानं त्याला पायांना धरून ओढलं, तापलेल्या लोखंडाचे थेंब फरशीवर विखुरले होते त्यांच्यावरून. आणखी माणसं आली. कुणी बुटांनी तुडवलं, कुणी साखळीनं झोडपलं. सुरैया खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून शेडमध्ये उतरली आणि थेट त्या घोळक्यात घुसली. एकाचं मनगट तिच्या तोंडासमोर आलं, त्याला तिनं दात लावले. कुणाचं तरी कोपर तिच्या छातीत बसलं आणि ती येसाजीच्या अंगावर पडली. बाईमाणूस मधे पडलेलं पाहून मार थांबला, तो तेवढ्यापुरताच. पोलीस आले तेव्हा येसाजी शुद्धीवर नव्हता. त्याला तसाच पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेला आणि खाटेजवळ पोलीस बसवला. हयगयीनं माणूस मारल्याचा गुन्हा त्याच्यावर लागला.

हे सत्याऐंशी सालचं. सुरैया तेव्हा सव्विशीत होती.

पौडच्या एस.टी. स्टँडाजवळ चाँदभाईचं सायकलचं दुकान होतं, त्याची ती थोरली मुलगी. दुकानात वाढली, पंक्चर काढायला शिकली आणि मारायलाही. शाळेत असताना एका पोरानं बाजारात तिचा हात धरला, तर तिनं हवा भरायचा पंप त्याच्या डोक्यात घातला होता. पोराचे आईबाप भांडायला आले. चाँदभाईनं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "पोरगी माझीच हाय. परत हात धरला तर परत घालंल." तिचं गणित चांगलं होतं. रोज पहिल्या एस.टी.नं पुण्याला जाऊन ती शिकली आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. पौडात तेव्हा कॉम्प्युटर हा शब्द कुणी धड उच्चारतही नव्हतं. चाँदभाई सांगायचा, माझी पोरगी यंत्राला अक्कल शिकवते.

त्या कारखान्याला यंत्र विकलं होतं याच कंपनीनं. भट्टीभोवती तांब्याची नळी गुंडाळलेली असते आणि तिच्यातून सतत पाणी खेळत असतं. पाणी थांबलं की नळी वितळते, उरलंसुरलं पाणी लोखंडात शिरतं आणि भट्टी बॉम्बसारखी फुटते. पूर्वी पाण्यावर एक साधा दाबाचा खटका होता, दाब उतरला की आपोआप वीज तोडणारा. तो ऊठसूट पडायचा, काम अडायचं, म्हणून मालकानं तो काढून टाकला आणि राखण कॉम्प्युटरवर सोपवली. पाण्यावर नजर ठेवणारा आणि ते थांबताच घंटा वाजवणारा प्रोग्रॅम सुरैयानं लिहिला होता. त्याचं नावच तिनं 'राखण' ठेवलं होतं. बसवताना तिनं पुन्हा पुन्हा तपासला होता. पाण्याचा कॉक बंद केला की कॉकवरचा हात काढायच्या आत घंटा व्हायची.

म्हणजे येसाजी खोटं बोलत होता. नाहीतर राखण खोटी होती.

गालाला टाके घालून घेतल्यावर ती कासार आंबोलीला गेली. येसाजीची आई बानूबाई गावाबाहेरच्या माळावर मेंढरांच्या वाड्याशी राहायची. धनगराचं घर. येसाजीला तेवढी कारखान्यात नोकरी लागली होती. बानूबाई कोकरांना पाजत होती. पोरगी कोण हे कळल्यावर ती उठली, वाड्याच्या कुडाला टेकवलेली काठी घेतली आणि सुरैयाच्या खांद्यावर हाणली. मग पाठीवर. सुरैयानं हात वर केला नाही. तिसरा तडाखा बसला तेव्हा बानूबाईच्याच हातातली काठी गळली.

"पळत का न्हाईस गं?"

"विचारायला आलीया."

"काय विचारतीस? माझं पोरगं बाटलीला शिवत न्हाई. रातभर वाड्यावर जागून लांडगं हाकलल्यात त्यानं. त्यो झोपंल? तुझ्या यंत्रानं बोंब मारली न्हाई, आन मार खाल्ला माझ्या लेकानं."

"त्येनं तुमाला सांगितलं का, घंटा न्हाई वाजली म्हनून?"

"जबडा बांधलाय. बोलता येतंय कुटं? बोट हालवतो. असं." बानूबाईनं तर्जनी डावीउजवीकडे हलवली. नाही, नाही, नाही. "शुद्धीवर आल्यापास्नं येकच."

परतताना एस.टी.त सुरैयाला एक गोष्ट आठवली. मार आणि रक्त यांत ती बुजून गेली होती. भट्टी फुटायच्या जरा आधी तिच्यासमोरचा पडदा अडला होता. ती अक्षरं टाइप करत होती आणि ती उमटत नव्हती. शेजारी यंत्राची डिस्क खडखडत होती, थांबायचं नाव नाही. नकाशाखात्यानं त्याच यंत्रावर साच्यांची आकडेमोड करणारा एक दांडगा प्रोग्रॅम लावला होता, त्यामुळे असेल असं समजून ती काचेतून बाहेर बघत बसली होती.

यंत्र अडलं होतं. यंत्र अडलं असेल तर घंटाही अडली असेल.

त्या काळच्या यंत्रात मेमरी तुटपुंजी असायची. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, त्याला प्रोसेस म्हणतात, त्यातले लहान लहान तुकडे मिळतात. त्या तुकड्यांना पानं म्हणतात. वाटप करतो तो यंत्राच्या मुळाशी बसलेला प्रोग्रॅम, कर्नेल. एखाद्या प्रोसेसनं भरमसाट मागणी केली आणि मोकळी पानं संपली, की कर्नेल इतरांकडची पानं परत घेत सुटतो. ज्या पानाला बराच वेळ कुणी हात लावलेला नाही, ते आधी. पुढं ते लागलंच तर डिस्कवरून पुन्हा आणायचं. त्यात वेळ जातो, आणि आणलेलं ठेवायलाही पुन्हा मोकळं पान लागतं. मग सगळेच रांगेत ताटकळतात.

पण सुरैयाला याची धास्ती नव्हती. प्रोग्रॅम मेमरीत पक्का खिळवून ठेवायची एक सोय होती. ऑफिसात सगळे त्या सोयीला खिळा म्हणत. खिळा मारलेल्या प्रोसेसच्या पानांना कर्नेल हात लावत नाही. राखणेला तिनं स्वतः खिळा मारला होता. म्हणजे अडलं होतं ते दुसरीकडे कुठंतरी, आणि ते कुठं हे पाहायचं तर कर्नेलच्या आतच शिरायला हवं होतं.

कंपनीकडे कर्नेलचा मूळ मजकूर होता. त्याच जातीचं एक यंत्र ऑफिसातही होतं. रविवारी ऑफिस बंद असताना ती किल्ली घेऊन आत गेली. पानं परत घेतली जातात नेमक्या त्या जागी तिनं आपल्या ओळी घातल्या. कुणाच्या मागणीमुळे पानं घ्यायला लागलं, कुणाचं पान गेलं, कोण किती ताटकळलं, याचा माग ठेवायचा. तो डिस्कवर लिहिला असता तर डिस्क आणखी गुंतली असती आणि बघायचं तेच बदललं असतं. म्हणून मेमरीतच थोडी जागा आधी राखून ठेवली आणि माग तिथं साठू दिला. कारखान्यात बसवलेल्या राखणेची प्रत कंपनीच्या टेपवर होती, ती चढवली. पाण्याच्या जागी घरातल्या दिव्याचं बटण जोडलं आणि घंटेच्या जागी सायकलच्या दिव्याचा बल्ब. मग त्याच टेपवरचा साच्यांचा तो दांडगा प्रोग्रॅम सुरू केला, डिस्क खडखडू लागेपर्यंत थांबली, आणि बटण बंद केलं.

बल्ब लागला नाही.

ती बघत राहिली. डिस्क दात खाल्ल्यासारखी वाजत होती. बल्ब लागला नाही. तिच्या डोळ्यांसमोर कोंडाजीची पाठ आली, मळी काढणारी, सावकाश. मग केव्हातरी बल्ब लागला.

ती माग वाचायला बसली. साच्यांचा प्रोग्रॅम मागतोय, हिशेबखात्याची पानं गेली. साच्यांचा प्रोग्रॅम मागतोय, छपाईची पानं गेली. आणि मग, राखण. राखणेची पानं गेली. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. हे होणं शक्यच नव्हतं.

गेली होती ती पानंही नेमकी होती. पाणी बघणारी पानं सारखी वापरात होती, ती जागेवरच राहिली. परत घेतली गेली ती घंटा वाजवणारी. पाणी कधी थांबलंच नव्हतं, म्हणून त्या पानांना कधी कुणी हात लावला नव्हता, आणि हात न लागलेलं पान कर्नेलच्या लेखी बिनकामाचं. पाणी थांबलं ते राखणेला वेळेवर दिसलं होतं. ती घंटेकडे वळली तेव्हा घंटेचं पान जागेवर नव्हतं. तिनं ते मागितलं. मोकळी जागा नव्हती. मग पाण्यावरची ती राखण साच्यांच्या आकडेमोडीच्या मागं रांगेत उभी राहिली, आणि तिकडे नळी वितळली.

टेपवरचा राखणेचा मजकूर तिनं उघडला. खिळ्याची ओळ नव्हती. कुणीतरी ती काढली होती.

सोमवारी तिनं साहेबांना विचारलं. साहेब म्हणजे कंपनीचे मुख्य. स्वतः यंत्र जोडून कंपनी उभी केलेला माणूस, हुशार आणि गोड बोलणारा. त्यांनी केबिनचं दार लावलं.

"मीच काढली," ते म्हणाले. "मालकांना यंत्र दाखवताना साच्यांचा प्रोग्रॅम अडखळत होता. तुझ्या राखणेनं जागा अडवून धरलेली. म्हटलं, तो प्रोग्रॅम तर नुसता झोपूनच असतो, काढू या खिळा. एका यंत्रावर दोन्ही कामं होतील असं सांगूनच आपण ते विकलं होतं. तू लहान आहेस, तुला धंदा कळत नाही."

"माणूस भाजून मेलाय."

"त्या धनगराच्या चुकीमुळे. पोलिसांनी तसंच लिहिलंय, आणि तसंच राहू दे. तुझं नाव आहे त्या प्रोग्रॅमवर, सुरैया. माझं नाही."

टेबलावर कीबोर्ड होता, तेव्हाचा, पत्र्याच्या तळाचा, विटेएवढा जड. सुरैयानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि साहेबांच्या तोंडावर हाणला. नाकातून रक्ताची धार टेबलावर पडली. तिनं आणखी एकदा हाणला, तेव्हा वायर तुटली. बाहेरची माणसं आत आली, तिला धरून जिन्यावरून खाली ढकलत नेली आणि रस्त्यावर सोडली.

साहेबांनी पोलिसांत तक्रार केली नाही. केली असती तर भांडण कशावरून झालं ते सांगावं लागलं असतं. सुरैया मात्र तिथून सरळ सरकारी कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत गेली आणि भेट मिळेपर्यंत बाकावर बसून राहिली. निरीक्षकांना कर्नेल वगैरे कळलं नाही, पण एक प्रश्न त्यांनी नीट विचारला. "तुम्ही जे म्हणता ते कारखान्यातल्या त्याच यंत्रावर दाखवता येईल?"

"येईल. खोलीला पोलिसांचं सील आहे. आत कुणी हात लावलेला नाही."

चौकशीची तारीख पडली. ती बातमी कारखान्याच्या मालकाला कळायला वेळ लागला नाही.

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर जीप थांबली. उतरला तो गेणबा, कारखान्याचा मुकादम. एके काळी मुळशीच्या आखाड्यांत गाजलेला पैलवान. बरोबर तिघं-चौघं. चाँदभाई एका सायकलचा पुढचा फोर्क काढत बसला होता, सुरैया आत होती.

"चाँदभाई, पोरीला सांग, तारखेला यायचं न्हाई," गेणबा म्हणाला.

"ती हाय आत. तूच सांग की."

गेणबाच्या माणसांनी भाड्याच्या सायकली रस्त्यावर फेकल्या आणि त्यांच्यावरून जीप घातली. बाजारातली माणसं मागं सरली. कुणी पुढं आलं नाही. सुरैया बाहेर आली तसं गेणबानं तिला वेणीला धरलं आणि कामाच्या टेबलापाशी नेलं. टेबलाला लोखंडी व्हाइस बसवलेला होता, सळ्या धरायचा. त्यानं तिचा उजवा हात त्याच्या जबड्यात घातला आणि दांडा फिरवला.

"ह्याच हातानं लिवतीस न्हवं?"

ती ओरडली नाही. तिनं त्याच्या तोंडावर थुंकलं. त्यानं दांडा आणखी फिरवला, तेव्हा मात्र ती ओरडली, आणि ते ओरडणं नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत गेलं असं पौडात अजून सांगतात. चाँदभाईला दोघांनी दाबून धरलं होतं. म्हातारा कसा सुटला कुणास ठाऊक, हातातला फोर्क त्यानं गेणबाच्या गुडघ्यावर घातला. वाटी फुटली. गेणबा बसला तो पुन्हा कधी सरळ चालला नाही. त्याच्या माणसांनी चाँदभाईच्या बरगड्या मोडल्या आणि गेणबाला जीपमध्ये टाकून ती निघून गेली. मग बाजारातली माणसं पुढं आली आणि त्यांनी व्हाइसचा दांडा उलटा फिरवला.

चौकशीच्या दिवशी सुरैया कोपरापर्यंत प्लास्टर घालून आली. कारखान्याच्या फाटकात आणि शेडमध्ये गर्दी मावत नव्हती. फुटलेली भट्टी तशीच काळी पडून होती; चौकशीपुरतं पाणी तिला वगळून नळातून फिरवलं होतं. कोंडाजीची बायको सुंदरा दिरांच्या मधे उभी होती. जामिनावर सुटलेला येसाजी, तारांनी बांधलेल्या जबड्याचा, बानूबाईच्या आधारानं भिंतीशी टेकला होता. त्याच्याकडे बघून कोंडाजीचा थोरला भाऊ दात खात होता. पोलीस दोघांच्या मधे उभे होते. मालक आले नव्हते. साहेब आले होते, नाकावर पट्टी लावून.

निरीक्षकांनी सील तोडलं. यंत्र चालू केलं. खांबावरची घंटा तीच होती. साच्यांचा प्रोग्रॅम लावला, डिस्क खडखडू लागली. निरीक्षक स्वतः पाण्याच्या कॉकजवळ गेले.

"बंद करतो," ते म्हणाले, आणि त्यांनी कॉक फिरवला.

सगळे घंटेकडे बघत होते. घंटा गप्प होती. डिस्क खडखडत होती. एवढ्या वेळात माणूस भट्टीपासून हौदापर्यंत आरामात चालत गेला असता. घंटा गप्प होती. फाटकापर्यंत गेला असता. कोंडाजीचा धाकटा भाऊ खाली बसला. मग घंटा वाजली, आणि गर्दीतून एक आवाज उठला, गुरं बुजल्यावर उठतो तसा.

"प्रोग्रॅम हिनंच लिहिलाय," साहेब मोठ्यानं म्हणाले. "दोष तिचा आहे."

"लिहिला मी," सुरैया म्हणाली. "त्यातला खिळा तुम्ही काढला. निरीक्षकसाहेब, मला एक ओळ घालू द्या. माझ्या प्रोग्रॅममधली माझीच ओळ."

निरीक्षकांनी होकार दिला. ती बसली. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायला तिला वेळ लागला. यंत्र रखडत होतं, अक्षरं उशिरा उमटत होती, आणि लोक थांबले. राखण पुन्हा बांधली, पुन्हा सुरू केली. साच्यांचा प्रोग्रॅम तसाच चालू होता. डिस्क तशीच खडखडत होती.

निरीक्षकांनी कॉकला हात घातला. तो पुरता फिरायच्या आत घंटा वाजली.

सुंदरा किंचाळली. पहिल्या वेळी ती गप्प राहिली होती. आता तिला कळलं होतं. "उभा ऱ्हायला वो!" ती ओरडत होती. "कुणी सांगितलंच न्हाई त्याला! तितंच उभा ऱ्हायला!"

थोरला दीर साहेबांच्या अंगावर गेला. पोलिसांना कळायच्या आत धाकटाही गेला, आणि त्यांच्यामागं वाळूखातं, ओतखातं, सगळेच. साहेबांना त्यांनी खाली पाडलं आणि तोंडावर बुटांनी मारलं. कुणाच्या तरी हातात तीच साचा ठोकायची कांब होती. सुरैया खुर्चीवरच बसून होती. ती उठली नाही. पोलिसांनी लाठ्या काढल्या आणि दिसेल त्याला झोडपलं. बानूबाईचा खांदा निखळला, सुंदराचं डोकं फुटलं. साहेबांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचा एक डोळा गेला होता.

पुढं कुणीतरी सुरैयाला विचारलं, येसाजीसाठी मधे पडलीस, मग साहेबांसाठी का नाही? ती म्हणाली, "मला उठताच आलं नाही. उठायला पाहिजे होतं की नाही, ते अजून ठरत नाही."

येसाजीवरचा गुन्हा मागं घेतला गेला. मालकावर खटला भरला, तो तारखांवर तारखा घेत राहिला. भट्टीवर दाबाचा साधा खटका परत बसवायचा हुकूम निघाला आणि तो मात्र पाळला गेला. साहेबांनी कंपनी विकली. कोंडाजीच्या भावांना मारहाणीबद्दल शिक्षा झाली. येसाजीला मारल्याबद्दल नव्हे, साहेबांना मारल्याबद्दल. येसाजीनं ती तक्रार दिलीच नाही. पोलीस जबानी घ्यायला आले तेव्हा त्यानं फक्त बोट हलवलं. तो परत मेंढरांमागं गेला. त्याचं तोंड पुरतं उघडत नाही. भाकरी दुधात कुस्करून खावी लागते.

सुरैयाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं वाकत नाहीत. दोन वर्षं तिला कुठं नोकरी मिळाली नाही. पुण्यातल्या कंपन्यांमध्ये कीबोर्डची गोष्ट तिच्या आधी पोचलेली असायची. चाँदभाईच्या बरगड्या जुळल्या, पण तो वाकून काम करू शकत नव्हता, तेव्हा दुकान तिनंच चालवलं. एकोणनव्वदमध्ये दवाखान्यांसाठी यंत्रं बनवणाऱ्या एका माणसानं तिला बोलावलं. त्याच्याकडे एक यंत्र अडत होतं, का ते कळत नव्हतं. तिनं कर्नेलमध्ये आपल्या ओळी घातल्या, कोण कुणाची पानं घेतंय ते दाखवलं, आणि तो म्हणाला, उद्यापासून या.

सुंदरा त्याच कारखान्यात वाळू चाळायच्या कामावर लागली होती. भट्टी पुन्हा पेटली होती. एकदा घोटावडे फाट्यावर दोघी एस.टी.साठी उभ्या होत्या. तोवर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"आता त्या यंत्रावर कोन बसतं?" सुंदरानं विचारलं.

"नवीन मानूस हाय. मी बगितला न्हाई त्येला."

"तुमी जाऊन बगाल का?"

"मला फाटकात घेत न्हाईत, बाई."

सुंदरानं मान डोलावली. कपाळावरची टाक्यांची खूण पदरानं झाकली. पौडची गाडी आधी आली, भरलेली होती. सुरैया दांडीला डाव्या हातानं लटकली आणि आत शिरली.